होस्टवरून पर्फ लावलं, पण गेस्टमधली प्रोसेस कोणती हे कसं ओळखायचं?

रात्रपाळी

मंडळी, एक किचकट प्रश्न आहे. आमच्या केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, एका विक्रेत्याचं सीलबंद व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच गेस्ट) चालतं. आत लॉगिन नाही, एसएसएच नाही, एजंट टाकायची परवानगी नाही. कन्सोल उघडला की चार पर्यायांचा मेनू दिसतो, त्यातला एक 'रीबूट'. गेले काही आठवडे त्याचे चारही व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) सतत तापलेले असतात. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "व्हीसीपीयू कमी पडताहेत, आठ द्या." आठ दिले की आठही तापणार, याबद्दल मला शंका नाही.

होस्टचं रूट आमच्याकडे आहे, म्हणून होस्टवरून 'पर्फ केव्हीएम'ने (लिनक्सच्या 'पर्फ' या मोजमापाच्या टूलचा व्हीएमसाठीचा भाग) फक्त गेस्टचे सायकल नमुने घेतले. रिपोर्टमध्ये सगळं खापर क्यूईएमयूवर (होस्टवर व्हीएम चालवणारा प्रोग्राम). थ्रेडची नावं 'सीपीयू ०/केव्हीएम', 'सीपीयू १/केव्हीएम' अशी. फंक्शनच्या जागी नुसतं 'अननोन'. काही ओळींपुढे कंसात 'जी', काहींपुढे 'यू'. पीआयडीचा (प्रोसेस क्रमांकाचा) रकाना मागितला तर तिथेही क्यूईएमयूचाच पीआयडी.

मला एवढंच हवंय: आतली कोणती प्रोसेस सीपीयू खातेय? हे होस्टवरून कळू शकतं, की मुळातच अशक्य आहे?

ओव्हरकमिट

आधी पर्फला काय दिसतं ते बघू. गेस्टचा कोड चालू असताना सायकल मोजणारा काउंटर भरला की एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) येतो, सीपीयू गेस्टमधून बाहेर पडतो, आणि होस्टचं पर्फ केव्हीएमला दोनच गोष्टी विचारतं: गेस्ट त्या क्षणी यूजर मोडमध्ये होता की कर्नलमध्ये, आणि इन्स्ट्रक्शन पॉइंटर (चालू सूचनेचा पत्ता) कुठे होता. तुझे 'जी' म्हणजे गेस्टचं कर्नल, 'यू' म्हणजे गेस्टचं यूजरस्पेस. पीआयडी मात्र होस्टच्या शेड्यूलरला माहीत असलेलाच लिहिला जातो, आणि होस्टच्या लेखी तिथे व्हीसीपीयूचा थ्रेड चालू होता. गेस्टचा 'करंट' कोण, हे पर्फ विचारतच नाही.

कर्नलची नावं मिळवणं सोपं आहे. गेस्टमधली कॉलसिम्स (कर्नलच्या फंक्शनांची नावं आणि पत्ते) आणि मॉड्यूल्सची यादी होस्टवर आणून पर्फला द्यायची, 'गेस्टकॉलसिम्स' आणि 'गेस्टमॉड्यूल्स' हे पर्याय त्यासाठीच आहेत. गेस्टमध्ये केएएसएलआर (कर्नलची मेमरीतली जागा सरकवणारी सुरक्षा) असेल तर प्रत्येक बूटनंतर पत्ते बदलतात, जुनी यादी चालत नाही. आणि यादी आत रूट होऊन काढायची, नाहीतर सगळे पत्ते शून्य येतात. अर्थात तुला हे आत शिरल्याशिवाय करता येणार नाही, ते पुढे बघू.

आणखी एक: कॉलग्राफ (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती साखळी) मागू नकोस. एक्स८६ वर होस्टचं पर्फ गेस्टची कॉलचेन उलगडतच नाही.

सातारी_कंदी

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? गेस्टमध्ये 'टॉप' लावा. व्हीपीएमयू (गेस्टला मिळणारे मोजणीचे काउंटर) चालू करा, आतच पर्फ चालवा. काम खलास.

रात्रपाळी

@सातारी_कंदी, पहिला परिच्छेद परत वाचा हो. आत शिरता आलं असतं तर हा धागा काढला असता का?

जुना_युनिक्सवाला

अशक्य अजिबात नाही. एक रजिस्टर आहे जे गेस्टला लपवता येत नाही: सीआर३. त्यात चालू पेज टेबलचा (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचा) पत्ता असतो. प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल वेगळं, म्हणून प्रत्येक प्रोसेसचा सीआर३ वेगळा. नमुना घेताना गेस्टचा सीआर३ वाचला की 'अननोन'च्या ढिगाचे गट पडतात. पण त्यातून फ्लॅट क्रमांक कळतो, दारावरची पाटी नाही. आणि भाडेकरू बदलत असतात, तेही ध्यानात ठेवायचं.

कल्पना जुनी आहे. एक्स८६ च्या व्हर्च्युअलायझेशनमध्ये सुरुवातीला शॅडो पेजिंग होतं (गेस्टच्या पेज टेबलांची सावली-प्रत हायपरवायझरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या थराने, ठेवायची), तेव्हा गेस्टने सीआर३ बदलला की दरवेळी हायपरवायझरकडे उडी यायचीच. म्हणजे आतल्या प्रत्येक प्रोसेस-बदलाची खबर फुकटात मिळायची. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लोकांनी २००६ मध्ये युसेनिक्सच्या परिषदेत 'अँटफार्म' मांडलं ते याच पायावर: गेस्टच्या ओएसबद्दल काहीही माहीत नसताना प्रोसेस कधी जन्मली, कधी बदलली, कधी गेली हे बाहेरून ओळखायचं. मग एएमडीने 'बार्सिलोना' आणि इंटेलने 'नेहालेम' या प्रोसेसरांत नेस्टेड पेजिंग दिलं, म्हणजे गेस्टच्या पत्त्यांचं भाषांतर हार्डवेअरच करू लागलं. वेग वाढला, पण सीआर३ बदलताना बाहेर यायचं कारणच उरलं नाही. खबर बंद झाली, आता आपणच जाऊन विचारावं लागतं.

२०११ मध्ये जॉयंट कंपनीने केव्हीएम इल्युमॉसवर (सोलारिसच्या वंशातली ओएस) नेलं तेव्हा डीट्रेस या ट्रेसिंगच्या टूलमधून थेट व्हीएमसीएसची (व्हीसीपीयूची स्थिती साठवणारी इंटेलची संरचना) रजिस्टरं वाचायची सोय केली होती, त्यात गेस्टचा सीआर३ सुद्धा. लिनक्सच्या पर्फमध्ये 'पर्फ केव्हीएम' २०१० पासून, म्हणजे २.६.३५ पासून आहे, पण नमुन्यासोबत सीआर३ नोंदवायचा साधा पर्याय काही आला नाही. मला हे कायम खटकतं. पन्नास पर्याय आहेत, हा एक नाही.

मीनल

काकांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे वाचनखूण साठवण्यासारखा. व्यवहारात सीआर३ कसा काढायचा त्याबद्दल थोडं.

बीपीएफने (चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम घालायची सोय) केव्हीएमच्या एक्झिटवर, म्हणजे गेस्टमधून बाहेर पडण्यावर, प्रोब लावून व्हीसीपीयूच्या स्ट्रक्चरमधला सीआर३ वाचावा असं मनात येतं. तो सापळा आहे. नेस्टेड पेजिंगमध्ये केव्हीएम प्रत्येक एक्झिटला सीआर३ वाचत नाही, गरज पडली तरच व्हीएमसीएसमधून उचलतं. त्यामुळे स्ट्रक्चरमधली किंमत शिळी असू शकते. आणि बीपीएफमधून 'व्हीएमरीड' (व्हीएमसीएस वाचायची सूचना) करता येत नाही. एक्झिटच्या ट्रेसपॉइंटपाशी केव्हीएमचंच सीआर३ वाचणारं फंक्शन बोलावणारा छोटा पॅच टाकला तर बरोबर किंमत मिळते, पण त्यासाठी होस्टचं केव्हीएम मॉड्यूल स्वतः बांधावं लागतं. प्रॉडक्शनवर कोण करू देईल?

रात्रपाळीसाठी सोपा मार्ग म्हणजे क्यूईएमयूचा मॉनिटर. 'इन्फो रजिस्टर्स'ला सगळ्या व्हीसीपीयूंचा पर्याय देऊन थोड्या थोड्या वेळाने विचारत राहायचं. लिबव्हर्टमधून (व्हीएम सांभाळायची टूल्स) 'व्हर्श'ची मॉनिटर कमांड वापरता येते. प्रत्येक वेळी व्हीसीपीयू क्षणभर थांबतो, त्यामुळे सेकंदाला हजार वेळा विचारायला जाऊ नकोस. सेकंदाला चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटं, एवढ्यात चित्र उभं राहतं. विचारण्यातलं अंतर थोडं अनियमित ठेव, नाहीतर आतल्या एखाद्या टायमरशी ताल जुळून भलताच निष्कर्ष निघायचा.

त्याच आउटपुटमध्ये 'एचएलटी' लिहिलेलं असतं. ते १ असेल तर नमुना टाकून दे. व्हीसीपीयू झोपलेला असला तरी सीआर३ मध्ये आधीच्या प्रोसेसचा पत्ता तसाच पडून असतो, कारण लिनक्समध्ये आयडल टास्क स्वतःचं पेज टेबल न आणता आधीच्याचंच उसनं वापरतो. कर्नल थ्रेडही तेच करतात. म्हणजे केस्वॉपडीने (मेमरी मोकळी करणारा कर्नल थ्रेड) केलेलं काम एखाद्या बिचाऱ्या डेटाबेसच्या नावावर चढतं. यावर उपाय इतकाच, की कर्नल मोडमधल्या नमुन्यांवर सीआर३ वरून फार भरवसा ठेवायचा नाही, यूजर मोडमधल्या नमुन्यांवर ठेवायचा.

रात्रपाळी

मीनलताई, करून पाहिलं. स्क्रिप्ट लावली, एचएलटीवाले नमुने गाळले. आकडे आले, पण वेगळेच दिसताहेत. ढीगभर वेगवेगळ्या किमती, त्यात काही जोड्या शेजारशेजारच्या, एका पानाच्या फरकाने. शिवाय कित्येक किमतींचे वरचे आकडे तेच, फक्त शेपटीचे दोन-तीन आकडे वेगळे. एवढ्या प्रोसेस आत असतील असं वाटत नाही.

टीएलबी_मिस

माझ्या आयडीला जागून उत्तर देतो.

शेपटी म्हणजे पीसीआयडी. सीआर३ चे खालचे १२ बिट पत्त्याचे नसतात, पीसीआयडी चालू असेल तर तिथे टीएलबीसाठीचा (पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणाऱ्या कॅशसाठीचा) खूण-क्रमांक बसतो. लिनक्स हा क्रमांक प्रोसेसला कायमचा देत नाही. प्रत्येक सीपीयूवर सहा जागा असतात आणि प्रोसेस त्यात फिरत राहतात. त्यामुळे एकच प्रोसेस व्हीसीपीयू ० वर एका शेपटीने आणि व्हीसीपीयू ३ वर दुसऱ्या शेपटीने दिसते. ते १२ बिट पुसून टाक.

शेजारशेजारच्या जोड्या म्हणजे मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषाची देणगी. जानेवारी २०१८ मध्ये पेज टेबल आयसोलेशन आलं, तेव्हापासून प्रत्येक प्रोसेसची वरच्या पातळीची दोन टेबलं असतात: एक कर्नल मोडसाठी, दुसरं यूजर मोडसाठी. दोन्ही लगतच्या पानांवर, फरक फक्त बिट १२ चा. म्हणून आयसोलेशन चालू असलेल्या गेस्टसाठी खालचे १३ बिट पुसायचे. ते चालू आहे का हे आत न जाता ओळखता येतं: यूजर मोडच्या नमुन्यांत बिट १२ कायम १ आणि कर्नल मोडच्या नमुन्यांत ० दिसला की समजायचं. मोड त्याच आउटपुटमधल्या 'सीपीएल'वरून कळतो, ३ म्हणजे यूजर.

पण सरसकट १३ पुसू नये. मेल्टडाउन नसलेल्या प्रोसेसरवर आयसोलेशन बंद असतं, आणि तिथे टेबलं जोडीने ठेवलेली असतीलच असं नाही. मग १३ वा बिट पुसलास तर दोन भिन्न प्रोसेस एकात मिसळतील. तिथे १२ वरच थांबायचं.

अवांतर: एका प्रोसेसचे सगळे थ्रेड एकाच सीआर३ खाली येतात. जावासारखं काही असेल आणि थ्रेड वेगळे करायचे असतील तर त्याच आउटपुटमधला एफएस बेस बघ. ६४ बिट लिनक्सवर तो थ्रेडच्या टीएलएसचा (थ्रेडच्या खाजगी साठ्याचा) पत्ता असतो, म्हणजे प्रत्येक थ्रेडला वेगळा.

सातारी_कंदी

दंडवत. मी माझा 'टॉप' घेऊन कोपऱ्यात बसतो.

ओव्हरकमिट

आता पाटीचा प्रश्न, म्हणजे सीआर३ वरून नाव.

गेस्टची मेमरी होस्टच्याच ताब्यात आहे. 'व्हर्श डंप'ला फक्त मेमरीचा पर्याय दिला की ईएलएफ स्वरूपात व्हीएमकोर (मेमरीच्या प्रतीची फाइल) मिळतो. लक्षात ठेव, डंप लिहून होईपर्यंत क्यूईएमयू गेस्टला थांबवून ठेवतं, म्हणजे मेमरी जितकी मोठी तितका मोठा खोळंबा. वेळ ठरवून कर. मग 'क्रॅश' किंवा 'ड्रॅगन' नावाचं टूल (उच्चार मी असाच करतो, भांडू नका) आणि त्या कर्नलची डीबग माहिती. विक्रेत्याने एखाद्या डिस्ट्रोचं तयार कर्नल वापरलं असेल, बहुधा वापरलेलंच असतं, तर ती माहिती डिस्ट्रोच्या रेपोत मिळते. आवृत्ती डंपमध्येच सापडते, 'लिनक्स व्हर्शन'ने सुरू होणारी ओळ शोधायची. केएएसएलआरचा सरकलेला पत्ता क्रॅश क्यूईएमयूच्या डंपमधून स्वतः काढू शकतं.

पुढे टास्कची यादी फिरायची: प्रत्येक टास्कचं एमएम (त्याच्या मेमरीची नोंद), त्यातला पीजीडी (वरच्या पातळीचं पेज टेबल). हा पत्ता कर्नलच्या व्हर्च्युअल पत्त्यांत असतो, तो फिजिकलमध्ये बदलला की सीआर३ शी थेट जुळतो. एमएम रिकामं असेल तर तो कर्नल थ्रेड, किंवा झोंबी, म्हणजे संपलेली पण यादीत उरलेली प्रोसेस. अशी पीजीडी, पीआयडी, नाव यांची सारणी बनली की तुझ्या स्क्रिप्टच्या आकड्यांना नावं चिकटव. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं मिळेल, कर्नल तेवढंच ठेवतं.

आणि याच डंपमधून कॉलसिम्सचंही काम होतं. क्रॅशमध्ये 'सिम'ला 'एल' पर्याय दिला की सगळ्या चिन्हांची यादी येते, प्रकाराच्या अक्षराभोवतीचे कंस काढले की पर्फला खायला घालता येते. रीबूट होईपर्यंत चालेल.

मीनल

एक सावधगिरी. सीआर३ ची किंमत म्हणजे प्रोसेसची कायमची ओळख नाही. प्रोसेस संपली की ते पान मोकळं होतं आणि कर्नल तेच पान पुढच्या प्रोसेसला देऊ शकतं, बऱ्याचदा लगेच. उलटही होतं: 'एक्झेक' केलं (त्याच प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवला) की पीआयडी तोच राहतो पण एमएम नवं, म्हणून सीआर३ नवा. डंप आणि नमुने यांच्यात अर्धा तास गेला असेल तर दीर्घायुषी डेमनसाठी चालेल, छोट्या प्रोसेससाठी नाही.

रात्रपाळी

१३ बिट पुसले, जोड्या आणि शेपट्या गेल्या. पण मोठा मासा काही सापडत नाही. डेटाबेससारखी एक प्रोसेस आहे, तिला जेमतेम दहावा हिस्सा. बाकी बहुतेक नमुने अशा सीआर३ वर, जे एकदा-दोनदा दिसतात आणि परत येत नाहीत. डंप घेतला (रात्री, परवानगीने), सारणी केली, तर त्यातल्या बहुतेकांना नावच नाही. कर्नल मोडचं प्रमाणही जास्त आहे.

जुना_युनिक्सवाला

नाव नाही हेच तुझं उत्तर आहे. अल्पायुषी प्रोसेसची पैदास चालू आहे. सीआर३ सोड, आता पर्फकडे परत जा. क्रॅशवाली कॉलसिम्स देऊन गेस्टच्या कर्नलमध्ये वेळ कुठे जातो ते बघ. फोर्कमध्ये (नवी प्रोसेस जन्माला घालताना) पेज टेबलांची नक्कल, पान शून्य करणं, पेज फॉल्ट, एक्झेक, एक्झिटमध्ये मेमरी मोकळी करणं, असं वर आलं तर शंका नको. मग क्रॅशच्या 'पीएस'मध्ये सर्वांत नवे पीआयडी बघ आणि त्यांचा बाप कोण ते शोध. पोरं मरतात, बाप जिवंत असतो.

रात्रपाळी

काका, तंतोतंत! पर्फमध्ये वर सगळं तेच: पान साफ करणं, फोर्कची नक्कल, फॉल्ट, एक्झिट. 'पीएस'मध्ये एक शेल स्क्रिप्ट, तिच्याखाली 'ग्रेप', 'ऑक', 'कट' अशी मंडळी, कुणी जिवंत, कुणी झोंबी. काही मिनिटांच्या अंतराने दुसरा डंप घेतला तर शेवटचा पीआयडी हजारोंनी पुढे गेलेला. स्क्रिप्टचं नाव आरोग्यतपासणीसारखं काहीतरी आहे. मधला 'स्लीप' बहुतेक कुणीतरी उडवलाय.

सातारी_कंदी

आरोग्यतपासणीनेच पेशंट आजारी! 'टॉप' लावला असता तरी हे दिसलं नसतं, कबूल. 'टॉप'च्या दोन फेऱ्यांच्या मधेच सगळे जन्मून मेले असते.

वाटसरू

तांत्रिक बाजू कळली, पण मला दुसराच प्रश्न पडलाय. होस्टचा रूट गेस्टची अख्खी मेमरी उचलून वाचतो, हे तुम्ही किती सहज बोलताय! त्या डंपमध्ये ग्राहकांचे पासवर्ड, किल्ल्या, सगळं असणार. आमची व्हीएम पण कुणाच्या तरी होस्टवर आहेत.

ओव्हरकमिट

रास्त प्रश्न. इथे व्हीएम त्यांच्याच संस्थेचं आणि परवानगी घेतलेली, म्हणून बोललो. दुसऱ्याच्या व्हीएमवर हे करू नये. डंपची फाइल काम झालं की पुसावी, आणि विक्रेत्याला अख्खी तर कधीच पाठवू नये, लागतील तेवढ्या ओळी द्याव्यात.

भाडेकरूच्या बाजूने आता हार्डवेअरची कुलपंही आहेत. एएमडीच्या मूळ सेव्हमध्ये मेमरी एन्क्रिप्टेड, पण एक्झिटनंतर रजिस्टरं होस्टला दिसतात. म्हणजे सीआर३ मिळतो, नाव मिळत नाही. सेव्ह-ईएसपासून रजिस्टरंही झाकली गेली, त्यामुळे तो आकडासुद्धा नाही. इंटेलच्या टीडीएक्समध्येही तसंच. अशा गेस्टला या धाग्यातला बाहेरून करायचा एकही उपाय लागू नाही, आणि तसंच असायला हवं.

मीनल

ज्यांना आत जायची मुभा आहे त्यांच्यासाठी, धागा शोधून येणारे बरेच असतील म्हणून: एवढी कसरत करू नका. 'ट्रेस-सीएमडी'चा एजंट गेस्टमध्ये चालवला की व्हीसॉकवरून (होस्ट आणि गेस्टमधला थेट संपर्कमार्ग) दोन्हीकडचे ट्रेस एकत्र घेता येतात आणि घड्याळंही जुळवली जातात. इंटेल पीटी (चाललेल्या कोडचा माग हार्डवेअरनेच नोंदवायची सोय) वापरत असाल तर २०२२ मध्ये 'पर्फ इंजेक्ट'ला गेस्ट डेटाचा पर्याय आला. आत पर्फने प्रोसेसची नावं, मॅपिंग, कॉन्टेक्स्ट स्विच नोंदवायचे, आणि ती फाइल होस्टच्या फाइलमध्ये मिसळायची. टीएससीचा (सीपीयूतल्या घड्याळ-काउंटरचा) ऑफसेट द्यावा लागतो, तो होस्टच्या डीबगएफएसमध्ये केव्हीएमखाली प्रत्येक व्हीसीपीयूच्या फोल्डरात असतो. क्यूईएमयूला थ्रेडची नावं ठेवायचा पर्याय चालू हवा, लिबव्हर्ट तो बहुधा स्वतःच लावतं.

गेस्टमध्ये जाता येत नसलं तरी पीटी उपयोगी आहे. सीआर३ बदलला की तो ट्रेसमध्ये पॅकेट म्हणून येतो, सोबत गेस्ट की होस्ट हेही. म्हणजे अँटफार्मची फुकट खबर परत मिळते, गेस्टला बाहेर न आणता. डेटा मात्र भयंकर साठतो.

बाणकोट

आमच्याकडे एआरएम सर्व्हर आहेत. तिथे सीआर३ नाही, मग?

टीएलबी_मिस

तिथे टीटीबीआर०_ईएल१ मध्ये यूजरस्पेसचं पेज टेबल असतं, टीटीबीआर१ मध्ये कर्नलचं. तर्क तोच, यूजर मोडचे नमुने टीटीबीआर० वरून वेगळे करायचे. खूण-क्रमांक म्हणजे एएसआयडी, तो वरच्या १६ बिटांत असतो, पुसताना दिशा बदलते एवढंच. एक चैन मात्र एआरएमवर आहे: गेस्टचं कर्नल कॉन्टेक्स्टआयडीआर रजिस्टरमध्ये पीआयडी लिहिण्याचा पर्याय चालू ठेवून बांधलेलं असेल तर पीआयडी थेट रजिस्टरमध्येच मिळतो, डंपशिवाय. तुमच्या गेस्टच्या बूट विभाजनात कर्नलची कॉन्फिग फाइल असेल, तिच्यात आधी तेवढं बघा.

रात्रपाळी

अद्यतन. विक्रेत्याला पर्फच्या वरच्या वीस ओळी आणि स्क्रिप्टचं नाव पाठवलं. आधी विचारणा आली, "हे तुम्हाला आतून कसं कळलं?" आतून नाही कळलं, असं उत्तर दिलं. मग काल पॅच आला. व्हीसीपीयू चारच आहेत आणि आलेख तळाला टेकलाय. 'स्लीप'च होता.